ऑनलाइन डॉक्टरी सल्ला घेताना आपली माहिती कायद्याने कशी जपावी

टेलिमेडिसिनमध्ये तुमची माहिती दोन ठिकाणी राहते: डॉक्टरांकडे आणि ॲपकडे. दोघांचे नियम वेगळे, तक्रारीची जागाही वेगळी. इथे गल्लत झाली की तक्रार फिरत राहते.

आधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या यादीत पडताळा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो प्रिस्क्रिप्शनवर असावाच लागतो. तुम्ही स्वतः कॉल केलात तर सल्ल्याला संमती आहे असे धरले जाते. डॉक्टरांनी, आरोग्यसेवकाने किंवा काळजीवाहकाने सुरुवात केली तर स्पष्ट संमती घेऊन तिची नोंद ठेवावी लागते. ही संमती उपचारापुरतीच. तुमचे रिपोर्ट जाहिरातदाराला देण्याची परवानगी तिच्यात येत नाही.

ॲपवर नाव नोंदवताना आधीच टिक केलेले चौकोन काढून टाका आणि गोपनीयता धोरण त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. धोरण नंतर बदलते, आणि तुम्ही नेमकी कशाला मान्यता दिली होती हे सिद्ध करता येत नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्यनोंदी 'संवेदनशील' धरल्या आहेत: संमती मागे घेता येते, तक्रार अधिकाऱ्याचे नाव-संपर्क संकेतस्थळावर हवा आणि तक्रार महिन्याभरात निकाली निघायला हवी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर २०११ च्या नियमांचाच आधार घ्या.

माहिती फुटली तर रागाच्या भरात खाते डिलीट करू नका, चॅट आणि संमतीच्या नोंदी त्याबरोबर जातात. आधी तारीख, वेळ, लिंक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. मग तक्रार अधिकाऱ्याला ईमेल: काय फुटले, कधी कळले, संमती मागे घेत आहे. डॉक्टरांकडे नोंदींची प्रत लेखी मागा. ती ७२ तासांत द्यावी लागते.

डॉक्टरांनी स्वतः फोटो किंवा माहिती वापरली असेल तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे जा. गळती तांत्रिक असेल आणि सेवा निवडताना डॉक्टरांनी वाजवी काळजी घेतली असेल, तर ते जबाबदार ठरत नाहीत; मग भरपाई ॲप कंपनीकडूनच मागायची. ५ कोटींपर्यंतचा असा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो; तेच न्यायनिर्णय अधिकारी असतात. गुप्तांगाचे फोटो पसरले असतील तर थांबू नका, त्याच दिवशी सायबर पोलिसांत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली तक्रार द्या.