संशयावरून उचललं तर काय करायचं: पारधी आणि विमुक्त वस्त्यांसाठी

परिसरात घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी पालावर येते. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला (त्यातून सुटल्या म्हणून या जमाती ‘विमुक्त’), पण तपास वस्तीपासून सुरू करायची खोड गेली नाही. नुसता संशय कोर्टात टिकत नाही. त्याला वेळ, पंच, मुद्देमाल आणि ओळख असे कागद जोडावे लागतात, आणि खोटी केस बहुधा याच जोडणीत कच्ची असते. म्हणून आपल्या बाजूचे कागद त्याच वेळी, तारीख-वेळेसकट तयार झाले पाहिजेत. महिन्याभराने वकिलाला तोंडी सांगितलेली हकीगत फारशी उपयोगी पडत नाही.

गाडी आली त्या क्षणी

शांतपणे तीन गोष्टी विचारा: कुठलं पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर काय, अटक आहे की चौकशी? छातीवरची नावाची पट्टी आणि गाडीचा नंबर टिपून ठेवा. चौकशीलाच बोलवायचं असेल तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात (साधी चोरी, घरातली चोरी यातच येतात) आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. थेट अटक केली तर ती का गरजेची होती हे पोलिसांना लिहावं लागतं. नोटीस मिळाली की हजर राहायचंच. गैरहजेरी हे अटकेचं आयतं कारण होतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी, तिन्ही लागतात. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, जबाब ती राहते तिथेच घ्यायचा.

झडतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आता याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. पोलीस करत नसतील तर तसं बोलून दाखवा, आणि जमलं तर एकाने मोबाइल चालू ठेवावा, अडथळा न आणता, चार पावलं लांबून. झडतीला त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच लागतात. पंचांचं नाव-गाव विचारा, कारण तेच पंच त्याच ठाण्याच्या इतर केसमध्येही दिसले तर उलटतपासणीत वकिलाला त्याचा उपयोग होतो. जप्तीची यादी तिथेच मागून घ्या. कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही, हे वस्तीतल्या पोरासोरांनाही पाठ हवं.

नेलं, पण अटक दाखवली नाही

सगळ्यात जास्त घात इथे होतो. माणूस सोमवारी उचलतात आणि अटक गुरुवारी दाखवतात. मधले दिवस कागदावर नसतात आणि मार बहुतेक त्याच दिवसांत पडतो. म्हणून नेल्याबरोबर ११२ ला फोन करून सांगा की अमक्याला, इतक्या वाजता, या गाडीतून नेलं. त्या कॉलची वेळेसकट नोंद राहते. तोच मजकूर चार ओळींत पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. चोवीस तास नेमके कधी सुरू झाले हे पुढे तीच सांगते.

चोवीस तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलं नाही, तर त्याच संहितेच्या कलम १०० खाली शोध वॉरंटचा अर्ज करता येतो. बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधून हजर करण्याचा आदेश तालुक्याच्या कोर्टातूनही मिळतो, त्यासाठी हायकोर्टच गाठायला हवं असं नाही. हे कलम फार कमी वापरलं जातं. सोबत ठाण्याच्या सीसीटीव्हीचं त्या दिवसांचं चित्रीकरण जपून ठेवा असा लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाप्रमाणे ते अठरा महिने ठेवायचं असतं, पण अर्ज नसला की नेमका तेवढाच कॅमेरा बंद निघतो.

अटक आणि पहिली रिमांड

अटक पंचनाम्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. सही करण्याआधी वेळ वाचा. खोटी असेल तर सहीशेजारी खरी वेळ लिहा. अटकेची कारणं लेखी आणि समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत; सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालानुसार निदान रिमांडसाठी (कोठडी मागायला) मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या दोन तास आधी तरी. पारधी बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती वकिली मराठीतला कागद ठेवला तर ती भाषा त्याला समजणारी आहे का, हा मुद्दा वकिलाने जरूर घ्यावा.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० नंबर. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. आरोपी अठराच्या आतला असेल तर शाळेचा दाखला लगेच न्या, त्याला बाल न्याय मंडळापुढेच हजर करायचं असतं. मारहाण झाली असेल तर पहिल्याच हजेरीत मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगायचं आणि अंगावरची जागा दाखवायची. नंतर सांगितलं तर ‘आधी का बोलला नाहीत’ हा प्रश्न येतोच. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत आरोपीला मिळते, ती मागून घ्या.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपला म्हणून निर्धास्त राहू नका. नव्या कायद्यात पंधरा दिवसांची पोलीस कोठडी तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते. दुसऱ्या ठाण्याच्या गुन्ह्यात ‘वर्ग’ करून घेणं (म्हणजे ताबा तिकडे देणं) हा तर जुनाच प्रकार, एका माणसावर पाच तालुक्यांतल्या उघडकीला न आलेल्या चोऱ्या चढतात. प्रत्येक गुन्ह्याची तारीख वेगळी लिहून काढा.

त्या तारखेला माणूस कुठे होता

शेजाऱ्याचं ‘तो पालावरच होता’ हे कोर्टात हलकं पडतं. यंत्राची नोंद शोधा: रेशन दुकानाच्या पॉस मशीनची पावती, रोजगार हमीचा हजेरीपट, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, कारखान्यावरच्या ऊसतोड टोळीच्या पावत्या, मोबाइलचं लोकेशन. पेट्रोल पंपाचं किंवा दुकानाचं चित्रीकरण काही आठवड्यांत पुसलं जातं, त्यासाठी त्याच आठवड्यात वकिलामार्फत अर्ज करा.

‘दरोड्याच्या तयारीत’

‘दरोड्याच्या तयारीत’ या गुन्ह्याचा पंचनामा न वाचताही सांगता येतो: रात्रीची वेळ, आडोसा, पाच इसम, मिरची पूड, नायलॉन दोरी, कटावणी. दरोड्याला किमान पाच माणसं लागतात, म्हणून आकडा पाच. पाचही जणांना खरोखर एकाच ठिकाणी पकडलं का ते तपासा. एकाला बाजारातून, दुसऱ्याला पालावरून उचललेलं असेल तर ११२ च्या कॉलची वेळ इथे कामाला येते. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण आरोपीच्या सांगण्यावरून सापडलेली वस्तू चालते. म्हणून सगळा जोर ‘काढून दिलेल्या’ मुद्देमालावर असतो. बायकांच्या अंगावरचे दागिने चोरीचे म्हणून जप्त होतात. लग्नातले, जत्रेतले फोटो आणि सोनाराच्या पावत्या आधीपासून जपल्या असतील तर दागिने परत मिळवण्याचा अर्ज उभा राहतो.

ओळख परेडमध्ये (साक्षीदाराकडून आरोपी ओळखवून घेतात त्यात) एका संशयितामागे निदान सहा डमी, म्हणजे सोबत उभी केलेली इतर माणसं, दोघांमागे दहा-बारा, असा हायकोर्टाच्या नियमपुस्तिकेचा दंडक आहे. डमी साधारण त्याच वयाचे, त्याच चेहरेपट्टीचे हवेत. परेडआधी तोंड उघडं ठेवून फिरवलं किंवा फोटो पेपरात आला, तर रिमांडच्या वेळीच लेखी नोंदवा. साक्षीदाराने आधी दुसऱ्या कुणाला ओळखलं होतं का, हेही विचारा. नाशिक भागातल्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. जखमी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, ते तपासात बाजूला पडलं. सहाही जण सोळा वर्षं तुरुंगात होते. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

सुटल्यावर

फासेपारधी अनुसूचित जमातीत असल्याने खोट्या केसबद्दल ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(पी), आणि खोटी माहिती देणाऱ्यावर (क्यू) लागतं. पालपारधी, राजपारधी, वडार, रामोशी हे विमुक्त जातींत येतात, त्यांना हा कायदा लागू नाही. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, इतरत्र विमुक्त. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी जातीचा दाखला वाचा, नाहीतर पहिल्याच पायरीला अर्ज पडतो. दाखला नसेल किंवा विमुक्तांचा असेल तर भारतीय न्याय संहितेची कलम २१७ (खोटी माहिती देणं) आणि २४८ (खोटा आरोप करणं) आहेत.

ठाण्यातली हिस्ट्रीशीट (सराईत गुन्हेगार म्हणून ठेवलेली नोंद) मात्र निर्दोष सुटल्यावर आपोआप बंद होत नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडून पोलीस अधीक्षकांकडे नाव कमी करण्याचा अर्ज करा. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या दोन निकालांचा उल्लेख करा: मे महिन्यातला हिस्ट्रीशीटमधल्या जातीय पूर्वग्रहाबद्दलचा, आणि ३ ऑक्टोबरचा, ज्यात विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं आहे. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात नोंदीची सद्यस्थिती विचारा.