मेड इन इंडिया लिथियम बॅटरी घेताना सेल कुठला आणि लिथियम कुठलं ते कसं तपासायचं

पाऊस लागला की गोव्यात माड आडवा होतो, तार तुटते आणि सत्तरी-पेडण्याकडच्या वाड्यांवर तासन्तास वीज नसते. म्हणून चवथीच्या आधी इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घ्यायची असं बरेच जण ठरवतात आणि म्हापसा, फोंडा, डिचोली कुठेही दुकानात गेलं तर नेहमीच्या ट्युब्युलर म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या शेजारी आता लिथियमवाली पण ठेवलेली असते, वर मोठ्या अक्षरात मेड इन इंडिया. ते खोटं नसतं, पण त्यातून नेमकं काय समजायचं हे माहीत नसेल तर आपण चुकीच्या गोष्टीसाठी जास्त पैसे मोजतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे तीन गोष्टी वेगवेगळ्या धरा. लिथियम म्हणजे कच्चा धातू, सेल म्हणजे त्यापासून बनलेला, वीज साठवणारा एकेक सुटा घटक, आणि पॅक. आपण घरी आणतो तो पॅक, म्हणजे बरेच सेल जोडून त्यांच्यावर बीएमएस नावाचं सर्किट बसवलेला डबा, हे बीएमएस प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं आणि गरज पडली तर बॅटरी बंद करतं. हा पॅक बनवायला सेल, बीएमएस, वेल्डिंग मशीन आणि टेस्टिंगची सोय असली की पुरतं, म्हणून भारतात पॅक बनवणारे भरपूर आहेत. सेल बनवणं मात्र फार वेगळं काम, अगदी कोरडी हवा ठेवलेल्या खोल्या, मायक्रॉनमध्ये मोजायचं कोटिंग आणि त्यात कोट्यवधींची मशिनरी. आपल्याकडे बनलेल्या बहुतेक पॅकमध्ये आजही सेल बाहेरून, जास्त करून चीनमधून आलेला असतो.

म्हणून दुकानदाराला "बॅटरी इंडियन आहे ना" असं विचारू नका, तो हो म्हणणार आणि ते खरंच असणार. असं विचारा, सेल कुठल्या कंपनीचा, कुठल्या देशात बनलेला, एलएफपी आहे की एनएमसी (हे लिथियम सेलचे दोन रासायनिक प्रकार) आणि सेलची डेटाशीट म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद मिळेल का. चांगला विक्रेता कंपनीला फोन करून सांगतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण स्वस्त पॅकमध्ये गाड्यांतून काढलेले जुने सेल नवीन प्लास्टिक चढवून घातलेले सापडतात, आणि आपल्याला खरी भीती त्याची आहे, चीनच्या नावाची नाही.

केमिस्ट्री ओळखणं सोपं आहे. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, त्यामुळे चार सेल जोडले की १२.८ आणि सोळा जोडले की ५१.२ व्होल्ट. लेबलवर हे आकडे दिसले तर एलएफपी समजा. एनएमसीचा सेल ३.६-३.७ व्होल्टचा असतो. घरात ठेवायची असेल तर एलएफपीच घ्या, ती जास्त सायकल, म्हणजे जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन, टिकते आणि तापली तरी एनएमसीइतक्या सहज पेट घेत नाही.

आता कागदपत्रं आणि लेबल. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाखाली आर अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नंबर असेल तर मोबाईलवर बीआयएस केअर अ‍ॅप उघडून तो टाका, कारखान्याचं नाव-पत्ता येतो. पण नंबर पॅकचा असेल तर पत्ता पॅकच्या कारखान्याचा येईल, सेलचा नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. सेल मोठे चौकोनी असतील आणि विक्रेत्याकडे उघडलेला सॅम्पल असेल तर सेलच्या डोक्यावर लेझरने कोरलेला क्यूआर असतो तो स्कॅन करून बघा. चिनी सेलवर साधारण २४ अक्षरांचा कोड येतो, पहिली तीन अक्षरं कंपनीची आणि पंधराव्या जागी वर्ष, ए म्हणजे २०२०, बी म्हणजे २०२१, असं पुढे. नवीन म्हणून विकतायत आणि वर्ष जुनं निघालं, किंवा क्यूआर खरवडलेला असला, तर घेऊ नका. स्वतःची बॅटरी मात्र उघडू नका, वॉरंटी जाते आणि धोकाही आहे.

वजन करून बघणं पण उपयोगी. १२.८ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचं माप) म्हणजे १.२८ युनिट, एवढ्या एलएफपीसाठी नुसते सेलच आठेक किलोचे लागतात, डब्यासकट दहा-बारा किलो. सहा किलोचा डबा हातात आला तर आत १०० एएच नाही. घरी आणल्यावर फुल चार्ज करून १०० वॉटचा लोड लावून घड्याळ बघत बसा, इन्व्हर्टरचा खर्च धरून नऊ-दहा तास चालायला पाहिजे. सहा तासांत बसली तर लगेच, बिल ताजं असतानाच, परत न्या.

इन्व्हर्टर जुना असेल तर त्याला लिथियम मोड आहे का हे आधीच विचारून घ्या, चार सेलच्या एलएफपीला १४.६ व्होल्टच्या वर चार्जिंग नको. आणि किनाऱ्याकडच्या लोकांनी, कळंगुट काय, हरमल काय, बॅटरी समुद्राकडच्या बाल्कनीत ठेवू नये, खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात.

आता लिथियमबद्दल. त्या १०० एएचच्या बॅटरीत शुद्ध लिथियम साधारण सव्वाशे ग्रॅमच असतं, पण ते फार लांबून येतं. जगात सगळ्यात जास्त लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून निघतं, पश्चिम ऑस्ट्रेलियातली ग्रीनबुशेस त्यातली मोठी खाण, तिथे स्पोड्युमीन नावाचा दगड फोडतात. दुसरा मोठा स्रोत चिलीतलं अटाकामा, तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात, आपल्या आगरवाडा-रायबंदरच्या मिठागरांत चालतं तसंच, फक्त मीठ आधी खाली बसतं आणि लिथियम उरलेल्या पाण्यात दाट होत जातं. पण दगड असो की पाणी, त्याचं बॅटरीला चालेल असं कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड बनवायचं काम जगातलं निम्म्याहून जास्त चीनमध्ये होतं, ऑस्ट्रेलियाचा बहुतेक माल पण तिकडेच जातो.

गोवेकराला हे पटकन कळायला हवं. आपलं लोहखनिज किती वर्षं बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला गेलं आणि तिथून जपानला, नंतर चीनला, पोलाद तिकडे झालं. खाण ज्याच्याकडे त्याच्याकडेच सगळं येतं असं नाही, शुद्ध करणारा भाव ठरवतो. म्हणून भारतात लिथियम सापडलं अशी बातमी आली की मला आधी रिफायनरी कोण टाकतंय हे विचारावंसं वाटतं.

त्या बातमीचंही बघून घ्या, कारण दुकानात "आता काश्मीरचं लिथियम आहे आपल्याकडे" असं ऐकवणारे भेटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अंदाज जाहीर झाला, पण तो प्राथमिक अंदाज आहे, लिलावाला पुरेसे बोलीदार आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये लिलाव रद्द करावा लागला. छत्तीसगडच्या कटघोऱ्याचा ब्लॉक २०२४ मध्येच लिलावात गेला. बाहेर बघितलं तर काबिल या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच ब्लॉक घेतले, १५,७०३ हेक्टर, तिथेही काम शोधापासून सुरू. म्हणजे बाजारात जी बॅटरी आपल्या हातात येते तिच्यात भारतीय खाणीतलं लिथियम आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सेलच्या बाबतीत मात्र हालचाल खरी आहे. २०२१ मध्ये केंद्राने १८,१०० कोटींची पीएलआय योजना (उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी) आणली, लक्ष्य ५० गिगावॉट अवर. तमिळनाडूत कृष्णगिरीला ओला, बंगळुरूला एक्साइड, तेलंगणात महबूबनगर जिल्ह्यात अमर राजा, गुजरातेत साणंदला टाटांची अ‍ॅग्रातास, हे सगळे सेलच्याच कारखान्यांच्या मागे आहेत. वेग ठरवल्यापेक्षा कमी आहे हे खरं, आणि जुलै २०२५ मध्ये चीनने एलएफपी कॅथोडच्या (सेलच्या आतला मुख्य भाग) तंत्रज्ञानावर निर्यात बंधनं घातली त्यामुळे आणखी अवघड झालं. तरी इथला सेल असलेला पॅक मिळत असेल, डेटाशीट आणि वॉरंटी बरोबरीची असेल, तर थोडे जास्त देऊन तो घ्या असं मी म्हणेन. नुसत्या असेंब्लीसाठी जास्त देऊ नका.

आणि ज्याला आजच्या आज जास्तीत जास्त देशी माल पाहिजे त्याने ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड घ्यायला काहीच हरकत नाही. शिसं राजस्थानात निघतं, जुन्या बॅटऱ्यांतून परत वितळवूनही भरपूर मिळतं, दुकानदार जुनी बॅटरी पैसे देऊन घेतो. जड असते, पाणी घालावं लागतं, आयुष्य कमी, पण महिन्यातून दोन-तीनदाच वीज जाते अशा घराला पुरते.

लिथियम बॅटरी संपली की ती भंगारवाल्याला किंवा पंचायतीच्या कचऱ्यात देऊ नका, दाबली-फुटली तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करून रिसायकलिंगला पाठवायची जबाबदारी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर आहे. घेतानाच विचारून ठेवा परत कुठे द्यायची, आणि ते बिलावर लिहून घ्या.