माती अडवायची ती माथ्यापासून

जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात शेताच्या खालच्या कोपऱ्यातून वाहणारे गढूळ पाणी काचेच्या बाटलीत भरावे आणि ती रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी बसलेला गाळ म्हणजे आपल्या रानातली सर्वांत कसदार माती असते, कारण पाणी आधी बारीक कण आणि सेंद्रिय अंशच उचलून नेते. एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटर थर गेला, तरी सुमारे १३ टन माती जाते. खत टाकून ती परत येत नाही.

काम पाणलोटाच्या, म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी एकाच ओढ्याला मिळते त्याच्या, माथ्यापासून सुरू करावे. वरचे पाणी मोकाट सोडून खाली बांध घातले, तर पहिल्याच मोठ्या पावसात ते फुटतात. माथ्यावरच्या पडीक, उताराच्या जमिनीत सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब चर, खोदावेत. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधून मध्ये आडवी पट्टी ठोकावी आणि टोकापासून ओळंबा सोडावा. चौकटीचे पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य ही समपातळीची खूण. दोरी या खुणेवर येईल अशी चौकट पुढे सरकवत प्रत्येक पावलाला चुना टाकत जावे. या आखणीत घाई मुळीच करू नये, कारण चर थोडा जरी कलला तरी पाणी एका टोकाला धावते आणि चराची घळ होते.

साधारण ६० सेंटीमीटर रुंद व ३० सेंटीमीटर खोल चर खोदून माती उताराच्या बाजूला, काठापासून थोडी जागा सोडून टाकावी, म्हणजे ती पुन्हा चरात घसरत नाही. त्या भरावावर पावसाच्या तोंडाशी गवताचे बी पेरावे. उतार जितका जास्त, तितके दोन चरांमधले अंतर कमी ठेवावे.

पिकाखालच्या जमिनीत नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी, जादा पाणी वाहून जायला बांधाला दगडी सांडवा ठेवावा आणि बांधाच्या कडेने वाळ्याच्या (खस) गवताची दाट ओळ लावावी. त्याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जाऊन माती धरून ठेवतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने अशा कामांना चराईबंदी व कुऱ्हाडबंदीची जोड दिली आणि पाण्याचा ताळेबंद, म्हणजे उपलब्ध पाणी व वापर यांचा हिशेब, मांडून पिके ठरवली. मला यातला ताळेबंद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अडवलेले पाणी पुन्हा बेसुमार उपसले, तर विहिरी उन्हाळ्यात कोरड्याच पडतात आणि रोजगारासाठी गाव सोडणे थांबत नाही.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन सगळे बांध फिरून पाहावेत, उंदराची बिळे व फुटलेल्या जागा त्याच दिवशी बुजवाव्यात, आणि उन्हाळ्यात चरातला गाळ काढून वरच्या वावरात पसरावा.