उत्क्रांती की बुद्धिमान रचना : अभ्यासवर्गात ही चर्चा कशी चालवावी

सजीव नैसर्गिक निवडीतून घडत गेले (उत्क्रांती) की एखाद्या बुद्धिमान रचनाकाराने घडवले (बुद्धिमान रचना), या विषयावर ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या वाचनालयात अथवा महाविद्यालयात चर्चा ठेवली, की थोड्याच वेळात ती देवाच्या अस्तित्वावर येऊन अडते आणि जनुकांचा विषय बाजूलाच राहतो. हे टाळण्यासाठी सूत्रसंचालकाने आरंभीच चार प्रश्न फळ्यावर वेगवेगळे मांडावेत. उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतील बदल, जिवाच्या गरजेनुसार होतात का? नैसर्गिक निवडीतून, म्हणजे परिस्थितीत तगणाऱ्यांचीच संतती वाढत गेल्याने, नवी क्षमता निर्माण होते का? सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत का? आणि या साऱ्यामागे कोणी रचनाकार आहे का? पहिला जीव कसा उद्भवला, हा प्रश्न यांत मिसळू देऊ नये, कारण नैसर्गिक निवडीचे काम पुनरुत्पादन करणारे जीव अस्तित्वात आल्यानंतरच सुरू होते.

पहिल्या प्रश्नासाठी क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. आपल्याकडे तो आजार कोणालाच परका नाही. बेडक्याच्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीत क्षयाच्या जंतूच्या ‘आरपीओबी’ या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांचा (डीएनएच्या घटकांचा) तुकडा पाहिला जातो. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध चिकटते. त्या तुकड्यात एखादे अक्षर बदलले, तर औषधाची पकड सुटू शकते, आणि म्हणूनच असा बदल सापडला की रुग्णाचे उपचार बदलावे लागतात. येथे सर्वांना विचारावे, की हा बदल औषधाने घडवला की तो काही जंतूंमध्ये आधीपासूनच होता?

उत्तर मतांवर सोडू नये, प्रयोग सांगावा. लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये जिवाणूंच्या अनेक लहान वसाहती स्वतंत्र नळ्यांत वाढवून नंतर त्या जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंच्या संपर्कात आणल्या. प्रतिकार विषाणूमुळे उत्पन्न होत असता, तर तग धरणाऱ्या जिवाणूंची संख्या सर्वत्र जवळपास सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांतून एकही जिवाणू तगला नाही, तर काहींतून पुष्कळ तगले. म्हणजे बदल आधीच झालेला होता, विषाणूने फक्त निवड केली. क्षयाच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक औषधे देण्यामागेही हाच हिशेब आहे, कारण सर्व औषधांना दाद न देणारे बदल एकाच जंतूत जुळून येण्याची शक्यता अत्यल्प असते. माझ्या मते चर्चेतील सर्वाधिक वेळ या एका उदाहरणाला द्यावा.

यावर हमखास आक्षेप येतो, की येथे असलेले बिघडले, नवे काय घडले? तो आक्षेप गंभीरपणे घ्यावा आणि जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग मांडावा. १९८८ पासून त्यांनी ई. कोलाय जिवाणूंचे १२ वंश वेगवेगळे वाढवले आणि सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर त्यांपैकी एक वंश प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट या पदार्थावर जगू लागला, जे ई. कोलायला एरवी जमत नाही. सायट्रेट आत घेणारे जनुक त्या जिवाणूत पूर्वीपासून होते, त्याची प्रत नव्या नियंत्रणाखाली गेली, हे कोणी निदर्शनास आणले तर ते निःसंकोच मान्य करावे. जुन्या सामग्रीची नवी मांडणी हाच तर उत्क्रांतीचा नेहमीचा मार्ग आहे.

बुद्धिमान रचनेची बाजू मांडणाऱ्याला त्याचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पूर्ण मांडू द्यावा. या मांडणीचे पुरस्कर्ते, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये म्हटले, की जिवाणूच्या शेपटीसारख्या यंत्रणेतील एक भाग काढला तरी ती निकामी होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणे अशक्य आहे. मात्र त्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांशी नाते सांगणारी यंत्रणा काही जिवाणू दुसऱ्या पेशीत प्रथिने टोचण्यासाठी वापरतात. अपुरी रचना वेगळ्या कामाची असू शकते, हा त्याला प्रतिवाद. शाळेत बुद्धिमान रचना शिकवण्यावरून अमेरिकेत झालेल्या डोव्हर खटल्यात २००५ मध्ये न्यायालयाने ही मांडणी विज्ञान नसल्याचा निर्णय दिला, पण खुद्द बीही समान पूर्वज मानतात, हेही सांगावे. तिसऱ्या प्रश्नावरचा निम्मा वाद तेथेच मिटतो.

चौथ्या प्रश्नावर मतदान घेऊ नये. कोणते निरीक्षण आढळले तर आपण मत बदलू, एवढे प्रत्येकाकडून लिहून घ्यावे; जीवाश्मांचा क्रम उलटा निघाला तर उत्क्रांतीवाद्याला आपले मत बदलावेच लागेल, आणि रचनावाद्यानेही तितकेच नेमके उत्तर द्यावे, असा आग्रह धरावा.

पुढची बैठक ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात घेता आल्यास उत्तम. ओहोटीची वेळ आधी पाहून जावे, म्हणजे चिखलावर कल्ल्यांजवळच्या कप्प्यांत पाणी साठवून आणि ओलसर त्वचेतून श्वास घेत फिरणाऱ्या निवट्या (एक प्रकारचे मासे) दिसतील, आणि तिवराच्या पानांवर साचलेले मीठ बोटाने तपासता येईल.