राजाराणीचं जुनं मेडल ‘रेअर’ म्हणून मिरवण्याआधी या चुका टाळा

पणजोबांच्या ट्रंकेत चांदीचं मेडल सापडतं, एका बाजूला मुकुट घातलेले राजाराणी, दुसऱ्या बाजूला उर्दूसारखं काहीतरी लिहिलेलं, नेटवर शोधलं तर फोटोतल्या मेडलपेक्षा आपलं जरा वेगळं वाटतं आणि लगेच घरात ठरून जातं की हा दुर्मिळ पीस आहे, लाखात जाणार. जरा दमानं घ्या. असा वेगळेपणा बहुतेक वेळा मेडल टांकसाळीतून बाहेर पडल्यावर आलेला असतो. कोणी नाव कोरलं, कोणी मागे पिन बसवून घेतली, कोणी रिबीन बदलली, कोणी सोन्याचा मुलामा दिला. हे सगळं वजा करून जे उरेल त्यालाच वेगळा प्रकार म्हणायचं, आणि बरेचदा काहीच उरत नाही.

चुकीच्या मेडलशी तुलना

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ 1911 सालचा आहे. त्या वर्षी पाचव्या जॉर्जची दोन वेगळी मेडलं निघाली. एक 22 जूनच्या लंडनमधल्या राज्याभिषेकाचं, दुसरं 12 डिसेंबरच्या दिल्ली दरबाराचं. दोन्ही चांदीची, दोन्हीवर राजाराणीचे मुखवटे एकामागे एक, आणि कहर म्हणजे रिबीनसुद्धा एकच, गडद निळी आणि मधे दोन बारीक लाल पट्टे. मग फक्त रिबीन बघून नाव ठरवणारे फसतात नाहीतर काय. राज्याभिषेकाचं मेडल 32 मिमीचं, मागे राजाची आद्याक्षरं आणि तारीख. दरबाराचं साधारण 38.5 मिमी, पुढे गुलाबांच्या वेलाच्या आत मुखवटे आणि खाली दिल्ली 1911, मागे पूर्ण फारसी मजकूर. हो, ते उर्दू नाही, फारसी आहे. त्यामुळे ‘मागची बाजू चुकीची छापलीय’ असा शोध लावू नका. मेडल सरळ व्हर्नियर कॅलिपरने मोजा, पट्टी ठेवून अंदाजे नको, अर्धं प्रकरण तिथंच मिटतं.

यातच एक खरी गंमत आहे. राज्याभिषेकाचं मेडल आधीच मिळालेल्या ज्या लोकांना पुढे दरबाराचाही मान मिळाला त्यांच्यासाठी रिबिनीवर लावायची ‘दिल्ली’ अशी छोटी पट्टी होती, तिला क्लास्प म्हणतात. ती पट्टी राज्याभिषेकाच्या मेडलवर असेल तर नीट तपासायला घ्या कारण तो प्रकार खरंच कमी दिसतो. पण तीच पट्टी दरबाराच्या मेडलवर लावलेली दिसली तर कोणीतरी नंतर जोडलीय असं समजा.

तारीख जुळत नाही म्हणजे एरर, असं नाही

1903 च्या दिल्ली दरबाराचं मेडल घ्या. हा दरबार सातव्या एडवर्डसाठी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने भरवला, एडवर्ड स्वतः आलाच नव्हता, त्याचा भाऊ ड्यूक ऑफ कनॉट आला होता. मेडलच्या पुढच्या बाजूला 1903 आहे आणि मागच्या फारसी मजकुरात 1901. फारसी आकडे वाचता येणारा कोणी भेटला की तो सांगतो अरे हे 1901 आहे, आणि झालं, ‘चुकीच्या सालाचं मेडल’ म्हणून जाहिरात. व्हिक्टोरिया जानेवारी 1901 मध्ये गेली आणि एडवर्ड गादीवर आला, ते साल आहे ते. अशा सगळ्याच मेडलांवर ते असतं.

तसंच 1902 च्या राज्याभिषेकाचं. छातीवर लावायच्या लंबगोल मेडलवर 26 जून 1902 आहे, पण अभिषेक झाला 9 ऑगस्टला, कारण ऐनवेळी राजाच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं आणि मेडलं तर आधीच ठरलेल्या तारखेची तयार होती. रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, संग्रहासाठी काढलेल्या मेडलवर मात्र 9 ऑगस्ट आहे. म्हणजे दोन्ही तारखा बरोबर, मेडलं वेगळी. संग्रहाच्या मेडलला कडी नसतेच, ‘कडी तुटलेली’ किंवा ‘कडी नसलेला दुर्मिळ प्रकार’ असं म्हणून कोणी विकत असेल तर सोडून द्या.

नाव, पिन, रिबिनीचा बो

दरबाराची मेडलं नाव न घालताच दिली गेली. त्यामुळे कोऱ्या कडेचं मेडल म्हणजे विशेष काही नाही, आणि कडेवर नाव असेल तर ते त्या माणसाने स्वतः बाहेरून कोरून घेतलंय. कोरीव नाव बघून मेडल बनावट म्हणू नका, उलट नाव आणि हुद्दा असेल तर माणसाचा माग काढता येतो, माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची गोष्ट. फक्त कोरलेल्या अक्षरांच्या आतला रंग बघा, मेडल काळवंडलंय आणि अक्षरं चकचकीत, तर ती हल्लीची आहेत. मागे डाग देऊन पिन बसवलेली असेल तर तो ब्रूच करून घेतलाय. बायकांना मेडल बो बांधलेल्या रिबिनीवर द्यायची पद्धत होती, तो मेडलचा वेगळा प्रकार नाही. आणि अंगठ्याच्या नखाएवढं असेल तर ते मिनिएचर, समारंभाच्या ड्रेसवर लावायचं.

‘सोन्याचं आहे’

1911 च्या दरबाराची सोन्याची मेडलं होती साधारण 200, मुख्यतः संस्थानिक आणि अगदी वरचे अधिकारी यांना दिलेली. चांदीची 30,000. म्हणजे पिवळं दिसणारं मेडल मुलाम्याचं असण्याचीच शक्यता जास्त. इथे लोक लोहचुंबक लावून बघतात आणि चिकटलं नाही म्हणून खूश होतात. सोनं, चांदी, तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही हो! सराफाकडे कस लावायला देऊ नका, तो कडेवर घासणार आणि किंमत तिथेच उतरणार.

त्यापेक्षा पाण्याची टेस्ट करा. रिबीन काढा, मेडल वजन करा. मग पाण्याचा ग्लास 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवून शून्य करा आणि मेडल दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, बुडबुडे चिकटले असतील तर झटकून टाका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने मूळ वजनाला भागा. चांगली चांदी असेल तर साधारण 10.3 ते 10.5 येतं, जर्मन सिल्व्हर किंवा मुलामा दिलेलं तांबं 9 च्या आतबाहेर, कथलाचं मिश्रण असेल तर 7 च्या थोडं वर. 25 ग्रॅमचं मेडल असेल तर चांदीत काटा 2.4 दाखवेल आणि जर्मन सिल्व्हरमध्ये जवळपास 2.9, फरक लगेच कळतो. सोनं तर याच्या कितीतरी वर जातं.

ओतीव नक्कल असेल तर मापातही किंचित लहान भरते कारण धातू गार होताना आकसतो. भिंगातून बघितलं की अक्षरांच्या कडा मऊ दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि कडेवर कानशीने घासल्याच्या खुणा.

खोटं वाटणारं कधीकधी खरं असतं

याची उलटी चूकही होते. व्हिक्टोरियाच्या 1887 च्या ज्युबिली मेडलवर 1897 ची पट्टी दिसली की लोक म्हणतात दोन वस्तू जोडल्यात. पण ज्यांच्याकडे 1887 चं मेडल होतं त्यांना हीरक महोत्सवात नवीन मेडल न देता पट्टीच दिली होती. त्याच 1897 चं एक मेडल चक्क शंकरपाळ्याच्या आकाराचं आहे, ब्रिटनमधल्या मेयर आणि प्रोव्होस्ट (स्कॉटलंडमधले मेयर) लोकांसाठी, लॉर्ड मेयर आणि लॉर्ड प्रोव्होस्टना सोन्याचं आणि बाकीच्यांना चांदीचं. न माहिती असणारा ते पेंडंट समजून वितळवायला देईल. आणि 1877 चं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ मेडल 58 मिमीचं, गळ्यात घालायचं, त्याच्यावर इंग्रजी आणि फारसीबरोबर देवनागरीतही मजकूर आहे, ते बघून कोणीतरी गावात बनवलंय असा समज करून घेऊ नका.

साफसफाई तर अजिबात नको. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, पितांबरी, काहीच नाही. कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकली की पुरे. दाखवायला फोटो काढताना पुढची बाजू, मागची बाजू, पूर्ण कड आणि कडी, चारही वेगळे काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कडेचा फोटो कोणी पाठवतच नाही आणि तिथेच तर सगळं कळतं.

आणि परदेशातल्या लिलावात पाठवायचा विचार असेल तर आधी हे बघा, आपल्याकडच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तूत मोडते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. 1911 चं मेडल त्यात येतं, पाचव्या जॉर्जच्या 1935 च्या रौप्यमहोत्सवाचं अजून येत नाही.