कष्टकरी कुटुंबांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांनी या चुका टाळाव्यात

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पावसाची कमतरता नाही. परंतु भात आणि नागली घरात आली की शेतात काम उरत नाही, आणि दिवाळी उरकताच अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. छोट्या फाउंडेशनची पहिली चूक इथेच होते. त्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च चालते, कुटुंबांचे मात्र मृगापासून. निधी मंजूर होऊन जानेवारीत गावात शिवणवर्ग उघडला, तर पटावर तीस नावे आणि वर्गात चार म्हाताऱ्या असे चित्र दिसते. अशा वेळी ‘लाभार्थी उदासीन’ असा शेरा मारण्याआधी बाकीची माणसे कोणत्या बागेत आहेत, एवढे तरी विचारावे.

दुसरी चूक वेळेची. गिरणारे येथील मजूर बाजारात सकाळी लवकर जाऊन पाहावे: टोळीचा रोज ठरतो, पिकअप भरते आणि एखादीच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी बाळाची गोधडी असते. तिला अकराच्या बैठकीला बोलावणे म्हणजे तिचा त्या दिवसाचा रोज बुडवणे होय. बैठक संध्याकाळी, बिऱ्हाडावर घ्यावी. कार्यालयाची गैरसोय होईल, ती होऊ द्यावी.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वस्तूंवर खर्च करून माणसाच्या पगाराला हात आखडता घेणे. बागेजवळच्या पाळणाघरासाठी पत्र्याची शेड, सतरंज्या आणि खेळणी मिळतात (त्यांवर देणगीदाराचे नाव रंगवता येते, हेही खरे), पण मुले सांभाळणाऱ्या बाईचे मानधन ‘प्रशासकीय खर्च’ ठरते आणि तिसऱ्या महिन्यात कुलूप लागते. निधी थोडा असेल तर त्याच पाड्यातील, मुलांशी त्यांच्या बोलीत बोलणारी एक बाई ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत नेमावी आणि तिचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. शेड शेतकऱ्याकडे मागावी. पुष्कळदा ती मिळते.

धान्याची पाकिटे वाटण्यापूर्वी शिधापत्रिका तपासावी. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे कामाच्या गावीही हक्काचे धान्य उचलता येते आणि मागे राहिलेल्यांना उरलेला वाटा मूळ दुकानातून घेता येतो. अडते ते बहुधा आधार जोडणीत, किंवा कामाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून. त्यासाठी पाकिटे नकोत, दुकानापर्यंत सोबत जाणारा एक कार्यकर्ता हवा, आणि तोही कुटुंब गाव सोडण्याआधी.