बेट्टा मासा मलूल दिसतोय? आधी पाणी तपासा

बेट्टा कोपऱ्यात पडून राहिला, पर मिटून घेतले, खाणं सोडलं, तरी लगेच औषध ओतू नका. आधी पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट (घाणीमुळे पाण्यात साठणारी, माशाला विषारी द्रव्यं) शून्य हवेत, तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस.

परांच्या कडा काळपट किंवा लालसर होऊन झडत असतील तर ती परकूज. सुरुवातीलाच लक्षात आली, तर रोज थोडं पाणी बदलूनही (क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं) पुष्कळदा नवे पारदर्शक पर फुटू लागतात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक, एका परजीवीमुळे होणारा रोग. औषध या परजीवीला तो पाण्यात मोकळा फिरत असतानाच मारतं, म्हणून ठिपके गेले तरी बाटलीवर लिहिलेले सगळे दिवस पूर्ण करा. फिल्टरमधला कार्बन आधी काढा, तो औषध शोषून घेतो. टॉर्चच्या उजेडात सोनेरी झाक दिसली तर तो व्हेल्वेट, हाही परजीवीमुळे होणारा रोग. औषधासोबत टाकीचा दिवाही बंद ठेवा.

नुसतं पोट फुगलंय? एक-दोन दिवस उपास. पण खवले उभे राहिले असतील तर ती ड्रॉप्सी, बहुधा मूत्रपिंड निकामी होत असल्याचं लक्षण. मासा लगेच वेगळ्या भांड्यात घ्या आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला विचारा.